न दिसणे आणि नसणे

हिवाळा सुरू झाला की अमरावती, अकोला, अकोट, परतवाडा येथील व्यापारी कुटुंबांच्या गाड्या सातपुड्याकडे वळतात. मुक्तागिरीला जाऊन बावन्न मंदिरांचे दर्शन घ्यावे, तेथून चिखलदऱ्याचा घाट चढावा आणि जमल्यास सेमाडोहच्या किंवा शहानूरच्या बाजूने मेळघाटच्या जंगलात एक फेरी मारावी, असा अनेक घरांचा शिरस्ता आहे. रविवारी रात्री मंडळी परतली की शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात, "काही दिसले का?" आणि बहुतेक वेळा उत्तर येते, "काही नाही दिसले."

या उत्तरातील 'काही' हा शब्द विचार करण्यासारखा आहे. त्या कुटुंबाने रस्त्यालगत चरणारे रानगवे पाहिलेले असतात, सांबराची भुंकल्यासारखी हाक ऐकलेली असते, सिपना नदीच्या वाळूत अस्वलाचे पाऊल उमटलेले पाहिलेले असते. तरीही 'काही दिसले नाही', कारण वाघ दिसला नाही. सातशे रुपयांची वस्तू घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाने दुकानातील बाकीचा सारा माल दृष्टिआड करावा, तसेच हे आहे. दुकानदाराला अशा गिऱ्हाइकाचे वाईट वाटते. जंगल मात्र बोलत नाही.

मेळघाट हा महाराष्ट्रातील पहिला व्याघ्र प्रकल्प. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प निवडले गेले, त्यांत त्याचा समावेश होता आणि २२ फेब्रुवारी १९७४ रोजी त्याची घोषणा झाली. तेव्हापासून वऱ्हाडातील माणसाच्या मनात मेळघाट म्हणजे वाघ हे समीकरण पक्के झाले. परंतु मेळघाटची भूमी ताडोबासारखी नाही. नावातच घाटांचा मेळ आहे. वैराटची उंची ११७८ मीटर आणि तेथून खाली उतरत गेलेल्या दऱ्या, त्यांतून तापीकडे धावणाऱ्या खंडू, खापरा, सिपना, गडगा, डोलार या नद्या, आणि चहूकडे सागाचे दाट रान. सपाट जंगलात तळ्याकाठी गाडी उभी करून वाट पाहता येते. येथे वाघ एक वळण उतरला की दिसेनासा होतो. कोरकू भाषेत वाघाला 'कुला' म्हणतात. त्याच रानात जन्म काढलेली कोरकू माणसेसुद्धा त्याचे दर्शन क्वचितच घडते असे सांगतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरील मचाणावर बसून वन्यप्राण्यांची नोंद घेण्याची रीत आहे. त्या रात्री जागून, पहाटे मोर आणि रानडुकरांची नोंद करून उतरणाऱ्यांची संख्या वाघ पाहून उतरणाऱ्यांपेक्षा नेहमीच मोठी असते.

म्हणजे येथे न दिसणे हीच रीत आहे आणि दिसणे हा अपवाद. हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न उभा राहतो. जे दिसले नाही, ते नाही असे म्हणावे काय? व्यवहारात आणि धर्मचिंतनात या प्रश्नाला फार महत्त्व आहे. त्याचे उत्तर देणारी एक सत्यकथा सातपुड्यातच घडली असून तिचा नायक वाघ नाही. तो आहे वीतभर उंचीचा एक पक्षी.

सात नमुन्यांचा पक्षी

त्या पक्ष्याचे मराठी नाव रानपिंगळा. आपल्या गावातील जुन्या वाड्याच्या वळचणीला किंवा चिंचेच्या ढोलीत जो ठिपकेवाला पिंगळा राहतो, त्याचा हा रानातील भाऊबंद. १८७२ साली आजच्या छत्तीसगडच्या पूर्वेकडील भागात एफ. आर. ब्लेविट यांना तो प्रथम मिळाला. त्यांनी तो नमुना अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला आणि ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लेविट यांचेच नाव दिले.

हे ह्यूम म्हणजे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच सनदी अधिकारी. हिंदुस्थानातील पक्ष्यांचा एवढा मोठा संग्रह त्यांच्यापूर्वी कोणी केला नव्हता. जैन वाचकांना विशेष वाटावे ते असे की, उत्तरायुष्यात ते शाकाहारी झाले आणि संग्रहासाठी पक्षी मारणे त्यांनी सोडून दिले. त्यांच्या अनेक वर्षांच्या टिपणांची हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून चोरीस जाऊन रद्दीच्या भावाने विकली गेली, आणि उरलेला संग्रह, कातडी व अंडी मिळून ऐंशी हजारांहून अधिक नमुने, त्यांनी १८८५ सालीच लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. आयुष्यभर ज्याचा संचय केला, ते एका निर्णयाने हातावेगळे करण्याचे हे उदाहरण अपरिग्रहाच्या कोणत्याही व्याख्यानात शोभावे.

ब्लेविट यांच्यानंतर पूर्वेकडेच व्हॅलेंटाईन बॉल यांना आणखी एक रानपिंगळा मिळाला. मग १८८० च्या दशकात खानदेशात नेमणूक असलेले जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने सातपुड्याच्या पायथ्याशी पाच नमुने गोळा केले. शेवटचा १८८४ चा. जगातील संग्रहालयांत रानपिंगळ्याचे असे सारे मिळून सातच अस्सल नमुने. त्यानंतर पक्षी जणू पृथ्वीच्या पाठीवरून पुसला गेला.

शोध घेणारे कमी नव्हते. १९७० च्या दशकात डॉ. सालिम अली आणि अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख डिलन रिप्ले यांनी त्याच्यासाठी खटपट केली. हिंदुस्थानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ या दोघांनी मिळून लिहिला होता. या भूमीवरील पक्षी त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु रानपिंगळा त्यांना भेटला नाही. सालिम अली १९८७ साली निवर्तले, तोवर या पक्ष्याला दृष्टीआड होऊन शंभर वर्षे उलटली होती. तो नष्ट झाला असावा, असे अनेकांनी मनाशी ठरवून टाकले.

खतावणीतील खोटी नोंद

आता या कथेत हिशेबाचा भाग येतो आणि तो व्यापारी वाचकांना चटकन उमगेल.

सात अस्सल नमुन्यांशिवाय आणखी एक आठवा नमुना होता. तो रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होता. त्याला जोडलेल्या चिठ्ठीवर १९१४ हे साल आणि गुजरातेतील तापीकाठच्या मांडवीचे नाव होते. म्हणजे रानपिंगळ्याची शेवटची नोंद खानदेशातील १८८४ ची न राहता गुजरातेतील १९१४ ची ठरली. साहजिकच पुढील शोधकांनी या नोंदीवर विसंबून शोध घेतला. ज्या खात्यात रक्कम जमाच झालेली नाही, तेथे शिल्लक शोधत बसावे तसा हा प्रकार होता.

माइनर्ट्झहागेन हा पक्षीशास्त्रात मोठा मान असलेला गृहस्थ होता. परवानगीविना नमुने हलवल्याबद्दल ब्रिटिश म्युझियमने त्याला एकदा पक्षीदालनात प्रवेशबंदी केली होती, तरीही त्याच्या शब्दाला वजन राहिले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ स्त्रीने दक्षिण आशियातील पक्ष्यांवरील नव्या ग्रंथासाठी हजारो जुने नमुने तपासायला घेतले. डिलन रिप्ले यांच्याच कामाचा भार त्या पुढे वाहत होत्या. तपासणीत या आठव्या नमुन्याविषयी शंका आली. कातडी एकदा उसवून पुन्हा भरलेली होती, आणि मूळची बांधणी डेव्हिडसन यांच्या हाताची होती. निष्कर्ष स्पष्ट होता. डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला एक नमुना म्युझियममधून चोरला गेला होता, त्याची भरणी बदलली होती आणि खोट्या सालाची, खोट्या गावाची चिठ्ठी त्याला बांधण्यात आली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हे सारे शास्त्रीय नियतकालिकात सविस्तर प्रसिद्ध केले. माइनर्ट्झहागेनच्या संग्रहातील अशा बनावट नोंदी पुढे आणखीही उघड झाल्या.

रुजवात करताना जुना मुनीम प्रत्येक रकमेवर खूण करीत जातो. बेरीज जुळत नसेल तर तो नवी बेरीज करण्याआधी मूळ पावती पाहतो. रासमुसेन यांनी नेमके हेच केले. खोटी नोंद वहीतून वजा केली, तेव्हा अस्सल नोंदींची ठिकाणे तेवढी उरली: पूर्वेकडे ब्लेविट आणि बॉल यांची, पश्चिमेकडे डेव्हिडसन यांची. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे त्या ठिकाणांचा शोध घेत निघाले. पूर्वेकडील रानांत हाती काही लागले नाही. ते खानदेशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, पाने गळालेल्या झाडाच्या फांदीवर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. लख्ख उन्हात, उघड्यावर. एकशे तेरा वर्षांनी.

दिवसा जेवणारे घुबड

ही बातमी आल्यावर मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी मध्य भारतात पाहणी केली. तळोद्याच्या रानात पिंगळे सापडले, मध्य प्रदेशातील खकनारकडे सापडले आणि आपल्या मेळघाटातही सापडले. पुढील वर्षांत मेळघाट हे रानपिंगळ्याच्या उरल्यासुरल्या घरांपैकी एक मोठे घर असल्याचे स्पष्ट झाले. ज्या जंगलातून अमरावती-अकोल्याची कुटुंबे 'काही दिसले नाही' असे म्हणत परतत होती, त्याच जंगलात, कदाचित त्याच रस्त्याकडेच्या सागावर, जगातून नाहीसा झाला असे समजला गेलेला एक जीव निवांत बसून होता.

रानपिंगळ्याचा स्वभाव पाहिला तर एवढी वर्षे तो कसा निसटला याचे नवल वाटते. घुबडाच्या कुळातील असूनही तो दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर, मोठे कीटक हे त्याचे भक्ष्य. आहार कसाही असो, रात्रिभोजनाच्या बाबतीत तो बराचसा संयमी आहे, असे एखादा गमतीने म्हणेल. त्याच्या डोक्यावर गावातल्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नसतात, छातीवर तपकिरी रंग दाट असतो आणि पोटाखालचा भाग स्वच्छ पांढरा. शेपटी झटकण्याची त्याला सवय आहे. विरळ सागवनात, शेताच्या कडेला, उघड्या फांदीवर तो बसतो. ज्याला त्याचे वेगळेपण ठाऊक नाही, तो 'पिंगळा आहे' म्हणून पुढे जातो. म्हणजे काहींना तो दिसला नाही आणि काहींनी तो पाहूनही ओळखला नाही.

आज जगभरातील रानपिंगळ्यांची संख्या प्रौढ पक्षी धरून २५० ते ९९९ च्या दरम्यान मानली जाते. नवनवी ठिकाणे सापडत गेल्यामुळे २०१८ साली त्याला 'अतिसंकटग्रस्त' या यादीतून काढून 'संकटग्रस्त' या यादीत घेण्यात आले. संकट टळले असा याचा अर्थ नाही. त्याला घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते. जुने झाड तोडले, वणवा लागला, शेतात विषारी औषधे फवारली, तर त्याची हानी होते. शिवाय घुबडांच्या संपूर्ण कुळावर एक जुने संकट आहे आणि ते दिवाळीच्या सुमारास तीव्र होते. लक्ष्मीप्राप्तीच्या खुळ्या समजुतीने घुबडांची चोरटी विक्री होते, त्यांचा बळी दिला जातो. कायद्याने तो गुन्हा आहे. ज्या अमावास्येला भगवान महावीरांच्या निर्वाणाचे स्मरण होते आणि नव्या वह्यांचे पूजन होते, त्याच रात्री धनाच्या आशेने एका मुक्या जीवाची मान पिरगळली जावी, हे कोणत्याही जैन पेढीला सहन होण्यासारखे नाही. असा व्यवहार कानावर आला तर वन विभागाला कळवणे हे त्या दिवसाच्या पूजेचेच अंग समजावे.

अनुपलब्धी

भारतीय तर्कशास्त्रात 'अनुपलब्धी' अशी एक संज्ञा आहे. एखादी वस्तू ज्ञानाला न गवसणे, हा तिचा अर्थ. न गवसण्यावरून वस्तूचा अभाव सिद्ध होतो काय, यावर नैयायिक, बौद्ध आणि जैन आचार्यांनी शतकानुशतके सूक्ष्म वाद केला आहे. त्याचे व्यवहारातील सार असे की, वस्तू तेथे असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल, तरच न दिसण्याला पुराव्याचे मोल येते. टेबलावर घडा नाही हे डोळ्यांनी ठरवता येते, कारण घडा असता तर तो दिसलाच असता. पण विस्तीर्ण जंगलात वीतभर पक्षी दोन तासांच्या फेरीत दिसला नाही, यावरून फक्त फेरीची लांबी सिद्ध होते.

जैन आगमांत दर्शनाचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत चक्षुदर्शनाबरोबरच अचक्षुदर्शनही आहे. डोळ्यांवाचून इतर इंद्रियांनी आणि मनाने होणारे ते सामान्य ग्रहण. जंगलातला जाणकार कोरकू वाटाड्या याचे चालतेबोलते उदाहरण असतो. वानराचा इशारा, हवेतला वास, धुळीतली खूण यांवरून तो प्राण्याचे असणे ओळखतो. रानपिंगळ्याच्या पाहणीतही अभ्यासकांना त्याचा आवाज ओळखण्याचा मोठा उपयोग झाला. वाघांची गणना आज जागोजागी बसवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांवरून होते. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघांचा अंदाज निघाला. त्यांपैकी फारच थोडे गणना करणाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले असतील.

श्रद्धेच्या क्षेत्रातही आपण हेच करीत आलो आहोत. भगवान महावीरांच्या प्रतिमेखाली सिंह असतो, श्रेयांसनाथांच्या प्रतिमेखाली गेंडा असतो. वऱ्हाडातल्या कोणत्याही श्रावकाने आपल्या रानात सिंह किंवा गेंडा पाहिलेला नाही. तरीही त्या लांछनांपुढे हात जोडले जातात. मुक्तागिरीला मेंढागिरीही म्हणतात, कारण ध्यानस्थ मुनींजवळ डोंगरावरून कोसळलेल्या मेंढ्याला णमोकार मंत्र ऐकवल्याने सद्गती लाभली अशी तेथील परंपरा आहे. ज्या तीर्थाला एका मेंढ्यावरून नाव मिळाले, त्या तीर्थाचे यात्रेकरू जीवाची किंमत त्याच्या दिसण्यावरून ठरवू शकत नाहीत.

चातुर्मासातला पक्षी

रानपिंगळा हा न दिसता सापडलेला पक्षी. अकोला आणि वाशीमच्या माळरानांवरील तणमोर हा सापडलेला असूनही निसटत चाललेला पक्षी आहे. माळढोकाच्या कुळातील हा सर्वांत लहान सदस्य. एरवी तो गवतात असा मिसळतो की दहा पावलांवरूनही कळत नाही. पावसाळ्यात मात्र नर पक्षी मादीला आकर्षित करण्यासाठी गवतातून सरळ वर उडी घेतो, क्षणभर हवेत दिसतो आणि पुन्हा गवतात बुडतो. दिवसभरात तो अशा शेकडो उड्या मारतो. त्याचे दर्शन घडते ते तेवढेच. २०२१ पासून तो जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून नोंदला गेला आहे.

गवताळ माळाला महसुली भाषेत पडीक म्हणतात आणि पडीक म्हटले की ती जमीन कोणत्या तरी कामी लावावी असे सर्वांनाच वाटते. वऱ्हाडात हे माळ कपाशी आणि सोयाबीनखाली गेले, काही झाडे लावून 'हिरवे' करण्यात आले. तणमोराला झाडी नको असते, गवत हवे असते. अकोला-वाशीम पट्ट्यातील फासेपारधी समाजाला ही गोष्ट सर्वांत आधी कळली होती, कारण तित्तर आणि तणमोर पकडण्यासाठी फासे लावणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. कारंजा येथील 'संवेदना' या संस्थेच्या सहवासात अकोला जिल्ह्यातील वडाळा गावच्या फासेपारध्यांनी शिकार सोडून गवताचे रक्षण करण्याचे काम हाती घेतले. पक्षी कोठे लपतो हे ज्यांना पकडण्यासाठी ठाऊक होते, त्यांनीच ते ज्ञान राखण्यासाठी वापरले. हृदयपरिवर्तनाची पुराणातली उदाहरणे आपण पर्युषणात ऐकतो. हे उदाहरण मोटारीने तासा-दोन तासांच्या अंतरावर आहे.

आणखी एक जुळणी ध्यानात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात जमिनीवर जीवसृष्टी वाढते, पावलागणिक हिंसा घडते, म्हणून साधू-साध्वी चार महिने एका ठिकाणी राहतात. तणमोर नेमक्या याच महिन्यांत उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला अंडी घालतो. चातुर्मासाची मर्यादा घालणाऱ्यांनी हा पक्षी पाहिला असेल वा नसेल. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्यासाठी आपले पाऊल आवरावे, हा विचार त्यांनी आचरणात आणला.

अकोला ते खंडवा

या विचाराची कसोटी लागते ती जेथे आपला स्वतःचा लाभ गुंतलेला असतो तेथे. अकोला-खंडवा ही मीटरगेज रेल्वे वऱ्हाडातील मारवाडी-जैन कुटुंबांच्या आठवणींचा भाग आहे. रतलाम, चितोड, अजमेरकडे जाणे, लग्नाच्या वऱ्हाडांचे येणे, मालाची ने-आण, सारे या मार्गाने होत असे. धूळघाटजवळ रूळ डोंगराला वळसा घालून स्वतःवरूनच जात, ते पाहण्यासाठी मुले खिडकीशी जागा धरीत. मार्ग रुंद करण्याच्या कामासाठी २०१७ च्या सुरुवातीपासून ही गाडी बंद झाली. अकोला-अकोट हा टप्पा ब्रॉडगेज झाला. पुढे प्रश्न उभा राहिला तो मेळघाटचा. जुन्या मार्गाचा चाळीस किलोमीटरांच्या आसपासचा भाग व्याघ्र प्रकल्पातून जातो. रुंद रुळांवरून अधिक वेगाने, अधिक संख्येने गाड्या धावल्या, बोगदे आणि भराव झाले, तर जंगलाचे दोन तुकडे पडतील, हा वन्यजीव अभ्यासकांचा आक्षेप होता. जंगलाबाहेरून, बुलढाणा जिल्ह्यातील गावांना जोडत जाणारा सुमारे तीस किलोमीटर अधिक लांबीचा पर्याय पुढे आला आणि राज्य सरकारनेही त्याची बाजू घेतली.

व्यापाऱ्याला जवळचा रस्ता प्रिय असतो, हे स्वाभाविक आहे. तीस किलोमीटर म्हणजे इंधन, वेळ, भाडे. 'कोणाला दिसत नाही अशा पक्ष्यासाठी आणि वाघासाठी आमची गाडी का अडवता?' असे बाजारपेठेत बोलले गेले असेल, तर त्या प्रश्नातली चीड समजून घ्यावी. परंतु ताळेबंद दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो. लांबच्या मार्गाचा खर्च एकदा होतो, आणि नव्या मार्गावरील ज्या गावांना आजवर रेल्वे नव्हती ती बाजारपेठेशी जोडली जातात. तुटलेले जंगल मात्र कोणत्याही कर्जाने परत उभे राहत नाही. या जंगलाची किंमत इतरांनी आधीच मोजली आहे, हेही विसरता येत नाही. प्रकल्पाच्या गाभ्यातून कोरकूंची कित्येक गावे उठून बाहेर वसली. ज्यांनी पिढ्यांचे घर सोडले, त्यांच्यापुढे तीस किलोमीटरच्या वळशाची तक्रार फार लहान दिसते.

पाहण्याचा लोभ

परिग्रह केवळ सोन्यानाण्याचा नसतो. पाहण्याचाही लोभ असतो. वाघ दिसावा म्हणून वाटाड्याला गाडी पुढे दामटायला सांगणे, ठरलेल्या रस्त्याबाहेर घालणे, पक्षी जवळ यावा म्हणून भ्रमणध्वनीवर त्याचा आवाज वारंवार वाजवणे, घरट्याचे छायाचित्र काढून त्याचे ठिकाण सर्वांना कळवणे, ही त्या लोभाची रूपे आहेत. विणीच्या दिवसांत खोट्या हाकेला उत्तर देत बसलेला पक्षी आपली अंडी उघडी टाकतो. पाहणाऱ्याला एक चित्र मिळते, त्या जीवाचे एक वर्ष जाते.

म्हणून मेळघाटात जाणाऱ्या कुटुंबांनी जावे, अवश्य जावे. कोरकू वाटाड्याला त्याचे मोल द्यावे आणि त्याला बोलू द्यावे. मुलांच्या हाती एक वही द्यावी. तिच्यात दिसलेल्या जीवांची नावे लिहावीत, ऐकलेल्या हाका लिहाव्यात, पावलांच्या खुणा लिहाव्यात. वाघ दिसला नाही तर तसेही लिहावे, तारीख आणि ठिकाण घालून. न पाहिलेले पाहिले म्हणून लिहू नये, कारण एका खोट्या चिठ्ठीने जाणत्यांना किती काळ भलत्याच वाटेवर नेले ते वर आलेच आहे. ज्यांच्या घरी रोजकीर्द लिहिण्याची सवय पिढ्यान् पिढ्या आहे, त्यांच्या मुलांना हे काम जड जाऊ नये. आणि उन्हात, पानगळ झालेल्या सागाच्या फांदीवर, डोक्यावर ठिपके नसलेला एखादा पिंगळा शेपटी झटकताना दिसला, तर गाडी दूरच थांबवावी, आवाज करू नये, आणि तो उडून जाईपर्यंत तेथेच स्तब्ध राहावे.